यू वृक्षाचं खरं वय कोण सांगणार?

पानगळ

ब्रिटनमध्ये फिरताना गावोगावच्या चर्चच्या आवारात यू नावाचा वृक्ष दिसतो. गडद हिरवा, चपट्या सुयांसारखी पानं, सोलवटून निघणारी तांबूस-जांभळी साल, आणि म्हातारा असेल तर पोटात हमखास पोकळ. शेजारी एक पाटी, पाटीवर वय. कुठे १,५०० वर्षं, कुठे २,५००. वेल्समधल्या लँगर्निव गावी तर चक्क ४,००० ते ५,०००! म्हणजे हडप्पात विटा भाजल्या जात होत्या तेव्हा हे झाड रुजलेलं होतं असं धरून चालायचं.

आपल्याकडे कुठल्याही जुन्या देवळात विचारलं की "पांडवकालीन आहे" असं ठोकून देतात, त्यातलाच हा प्रकार वाटतो मला. तर प्रश्न दोन. हे आकडे येतात कुठून आणि त्यांवर कितपत विश्वास ठेवायचा? आणि हे झाड नेमकं थडग्यांच्या मधेच का? माहिती असेल त्यांनी लिहा, नसेल त्यांनीही लिहा, फक्त ऐकीव असेल तर ऐकीव आहे असं सांगा.

तिरकस

पांडवकालीन म्हणजे पाच हजारच की. पाटी बरोबर आहे. धागा बंद करा.

सरपण

लाकडाच्या वखारीत उभा जन्म गेला, म्हणून पहिल्या प्रश्नाला हात घालतो.

झाडाचं वय काढायचं म्हणजे खोडातली वाढीची वलयं मोजायची, हे शाळेतलं पोरही सांगेल. यूच्या बाबतीत घोळ असा की काही शतकांनंतर खोड आतून कुजायला लागतं. सगळ्यांत जुनं लाकूड मधोमध असतं, आणि जातं तेच आधी. उरतो तो बाहेरचा कवच-भाग. कार्बन डेटिंगचंही तेच, तुमच्या हातात असलेल्या लाकडाचं वय कळेल, गेलेल्याचं कसं कळणार? पुरावा झाडानेच संपवलेला.

पुढची गंमत म्हणजे पोकळ झाल्यावर ते मरत नाही. कवच जिवंत राहतं, बाहेरून नवं लाकूड धरत राहतं. खाली टेकलेली फांदी जमिनीत मुळं सोडते आणि तिथून नवं खोड उभं राहतं. कधी वरून एखादं मूळ त्या पोकळीतूनच खाली उतरतं, जमिनीला लागतं, जाड होतं, आणि जुन्या खोडाच्या आत नवं खोड तयार होतं. आता वय सांगायचं ते बापाचं की लेकाचं?

मधली_आळी

वाचतेय. सरपण काका, असंच लिहा.

उत्तरवाट

स्कॉटलंडमध्ये आहे, त्यामुळे आमच्या फोर्टिंगलच्या यूबद्दल लिहायलाच हवं. पर्थशरमधलं छोटंसं गाव, चर्चच्या कडेला दगडी भिंतीच्या आत हे झाड. पहिल्यांदा जाणाऱ्याची निराशा होते. एवढं नाव ऐकून जावं आणि समोर दोन-तीन वेगवेगळी झाडं असल्यासारखं काहीतरी झुडपाट. मग जमिनीकडे लक्ष जातं. तिथे लाकडी खुंट्यांचं एक कडं ठोकलेलं आहे, ते मूळ खोडाच्या घेराचं. सध्याची "झाडं" म्हणजे त्या एकाच खोडाचे उरलेले तुकडे.

हा घेर कोणी मनाने काढलेला नाही. १७६९ मध्ये डेन्स बॅरिंग्टन यांनी मोजला तेव्हा ५२ फूट भरला. त्याच सुमाराला थॉमस पेनंट यांनी साडेछप्पन्न फूट नोंदवला. दोघांत साडेचार फुटांचा फरक, त्यावरून ओबडधोबड खोडाला दोरी लावणं किती कठीण ते कळतं. त्यानंतर झाडाची वाट लावली ती माणसांनीच. बेल्टेनच्या सणाच्या होळ्या बुंध्याशी पेटवल्या, आठवण म्हणून फांद्या नेल्या, लाकडाचे प्याले कोरले. खोड दुभंगून कमान झाली तशा प्रेतयात्रा त्यातून जायला लागल्या. भिंत बांधली ती उरलंसुरलं वाचावं म्हणून. आजही लोक भिंतीवरून हात घालून डहाळ्या तोडतात.

वय? सध्या बहुतेक जण २,००० ते ३,००० म्हणतात. पाच हजारवालेही आहेतच.

अधिकउणे

तिथे पाँटियस पिलात जन्मला अशी पण दंतकथा आहे ना? येशूला सुळावर चढवणारा रोमन अधिकारी म्हणे याच झाडाखाली खेळला. रोमन फौजा स्कॉटलंडात पोचल्या त्या पिलात मरून कित्येक वर्षं झाल्यावर. पण पर्यटकाला तारखा कोण विचारतो.

उत्तरवाट

हो, ती कथा गावात प्रत्येक जण हसत हसतच सांगतो. त्यापेक्षा खरी गोष्ट जास्त चमत्कारिक आहे. यूमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. फोर्टिंगलचं झाड नर म्हणूनच नोंदलेलं. २०१५ मध्ये एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या मॅक्स कोलमन यांना शेंड्याच्या एका फांदीवर तीन लाल फळं दिसली. म्हणजे तेवढी एकच फांदी मादी झालेली, बाकी सगळं झाड नर. ते बी गोळा करून नेलं. याच संस्थेने ठिकठिकाणच्या यूंची रोपं करून एक लांबलचक कुंपण लावायला घेतलंय, आनुवंशिक वैविध्य जपण्यासाठी. त्यात फोर्टिंगलच्याही फांद्या आहेत.

तिरकस

तीन हजार वर्षं विचार करून मग निर्णय. घाई नाही कसली.

झब्बू

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लाँगबो! इंग्लंडच्या धनुर्धरांनी १३४६ मध्ये क्रेसीला आणि १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंच सरदारांचा धुव्वा उडवला तो यूच्या धनुष्यांनी. या लाकडात निसर्गानेच दोन थर दिलेत. बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतलं तांबडं लाकूड दाब सोसतं. धनुष्याची काठी दोन्हींच्या सीमेवरून काढायची, पाठीला फिकट आणि पोटाला तांबडं, की झालं काम. पोर्ट्समथला संग्रहालयात मेरी रोझ जहाजावरची धनुष्यं बघितली आहेत मी. हे जहाज १५४५ मध्ये बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं, आत १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण निघाले. साडेचारशे वर्षं समुद्राच्या चिखलात!

तर लढाईला लाकूड हवं म्हणून राजाने चर्चच्या आवारात यू लावायचा हुकूम काढला. झाड विषारी, त्यामुळे ते गुरं चरतात तिथे नको, कुंपणाच्या आत हवं.

अधिकउणे

झब्बू, धनुष्याचं सगळं बरोबर, पण चर्चचा सांधा जुळत नाही. आवारातली दोन झाडं तोडून किती धनुष्यं होणार? शिवाय इंग्लंडमधलं यू वाकडंतिकडं आणि गाठाळ वाढतं. सरळ, दाट रेषांचं लाकूड यायचं स्पेन, इटली आणि आल्प्सच्या उंचावरून. त्याची इतकी टंचाई झाली की १४७२ मध्ये कायदाच केला: इंग्लंडच्या बंदरात माल घेऊन येणाऱ्या प्रत्येक जहाजाने दर टन मालामागे चार धनुष्यकाठ्या आणल्याच पाहिजेत. तिसऱ्या रिचर्डने त्या चाराच्या दहा केल्या. घरच्या आवारात लाकूड असतं तर हा उपद्व्याप कोणी केला असता?

खरा फटका बसला मध्य युरोपला. १५६२ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने सम्राटाकडे गाऱ्हाणं घातलं की यूची तोड थांबवा. तोवर जंगलं बोडकी झालेली. बंदुका आल्या म्हणून उरलेली झाडं वाचली असं म्हणायला हरकत नाही.

झब्बू

मग चर्चच्या आवारात का, ते सांगा ना. नुसतं माझं खोडून काय उपयोग.

अधिकउणे

सांगतो. एक मत असं की जागा आधी पवित्र होती, चर्च नंतर आलं. पोप ग्रेगरी यांचं ६०१ सालचं पत्र आहे, ब्रिटनमधल्या जुन्या देवस्थानांच्या इमारती पाडू नका, आतल्या मूर्ती काढा आणि तिथेच नवी पूजा सुरू करा, अशा आशयाचं. लोक सवयीच्या जागी येत राहतील हा हिशेब. जिथे झाड चर्चपेक्षा निःसंशय जुनं आहे तिथे हे पटण्यासारखं आहे.

पण सरसकट "ड्रुइडांचे (ख्रिस्तपूर्व केल्टिक पुजाऱ्यांचे) पवित्र वृक्ष" म्हणतात त्याला माझ्या मते आधार तोकडा आहे. बरीचशी झाडं ख्रिस्ती लोकांनीच लावलेली. हिवाळ्यात सगळं उघडंबोडकं होतं तेव्हा हे हिरवंगार, म्हणून पुनरुत्थानाचं प्रतीक. पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, खजुराच्या झावळ्या इंग्लंडात कुठून आणणार, तर यूच्या फांद्या मिरवायच्या. आणि विषारी झाड असल्यामुळे गावकरी आपली गुरं आवारात सोडत नसत, हा रोखठोक फायदा.

आता कोणीतरी देवराई काढणार, त्याआधीच सांगतो: देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं आख्खं रान. हे एकटं झाड आहे, स्मशानाच्या कोपऱ्यात.

मधली_आळी

देवराईच लिहायला आले होते :(

हिरवी_ओटी

लहान मूल आहे म्हणून विचारते. आमच्या भाड्याच्या घराच्या मागे कुंपणाला हेच आहे बहुतेक. शरदात लाल, पेल्यासारखी फळं येतात, आत एक बी दिसतं. लेक अडीच वर्षांची आहे, हाताला लागेल ते तोंडात. किती घाबरायचं?

सरपण

ताई, कुंपणाच्या त्या बाजूला तिला एकटी सोडू नका. लाल गर सोडला तर पान, साल, बी, लाकूड सगळं विषारी. टॅक्सिन नावाची अल्कलॉइडं असतात, ती थेट हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करतात, आणि त्यावर उतारा नाही. बी आख्खं गिळलं गेलं तर कवच टणक असल्याने बहुतेकदा तसंच बाहेर पडतं, चावलं गेलं तर मात्र भीती. शंका जरी आली तरी वाट बघत बसायचं नाही, सरळ आपत्कालीन मदत बोलवायची. कुंपण छाटलं की तुकडे लगेच गोळा करा. वाळलेल्या पानांतही विष तसंच राहतं. घोडे आणि गायी मरतात त्या बहुतेक अशा टाकून दिलेल्या छाटणीने.

कस्तुर जातीचे पक्षी मात्र ती फळं मजेत खातात. गर पचवतात, बी न फोडता टाकून देतात. झाडाचा सगळा प्रसार त्यांच्यावर.

झब्बू

ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय: एब्युरोन जमातीचा म्हातारा राजा कॅटुव्होल्कस, बंड फसल्यावर पळायची ताकद उरली नाही म्हणून त्याने यूचं विष घेऊन जीव दिला. इ.स.पू. ५३.

खवय्या

तो लाल गर मी खाल्लाय. गोडसर आणि बुळबुळीत, भोकराची आठवण आली. बी थुंकून टाकलं.

सरपण

खवय्या, वरची पोस्ट अडीच वर्षांच्या मुलीच्या आईची आहे. इथे असल्या पाककृती नकोत.

तिरकस

खवय्यांचा शेवटचा प्रतिसाद म्हणून जतन करून ठेवूया का?

खानदेशी_तडका

एवढा मोठा धागा आणि अजून कोणी मनसुख वाणींचं नाव घेतलं नाही? आपला नंदुरबारना माणूस शे भाऊ!

सविस्तर सांगतो. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यूच्या सालीचे नमुने गोळा केले. कर्करोगावर उपयोगी पडेल अशी वनस्पती शोधायची मोठी सरकारी मोहीम चालू होती, हजारो वनस्पती तपासल्या जात होत्या, त्यातलीच ही एक. नमुने गेले नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे. वाणी नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले, पीएचडी इंडियाना विद्यापीठात. या दोघांनी सालीतला नेमका गुणकारी रेणू वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तो रेणू म्हणजे टॅक्सॉल. आता औषधाचं नाव पॅक्लिटॅक्सेल. याच जोडीने त्याआधी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हा दुसरा कर्करोगविरोधी रेणूही काढला होता.

२०२० मध्ये वाणी गेले, ९५ वर्षांचे होते. नंदुरबारात किती जणांना हे नाव माहीत आहे ते विचारू नका. मला स्वतःला ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कळलं, तेही पुण्यात.

रसायनी

खानदेशी, झकास. पुढचा भाग मी जोडते.

रचना कळून आठ वर्षं झाली तरी हे औषध काम कसं करतं ते माहीत नव्हतं. १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. पेशी दुभंगताना आत सूक्ष्मनलिकांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. तोवरची औषधं हा सांगाडा उभाच राहू देत नसत. टॅक्सॉल उलटं करतं. सांगाडा उभा राहू देतं आणि मग मोडूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. असा प्रकार तोवर कोणी पाहिलेला नव्हता.

अडचण पुरवठ्याची. एक किलो औषधासाठी दोन-तीन हजार झाडांची साल लागायची, आणि साल काढली की झाड मेलंच. पॅसिफिक यू अतिशय हळू वाढतो. लाकूडतोड करणारे त्याला कचरा समजून इतर झाडांच्या फांद्यांबरोबर जाळून टाकत, आणि अचानक त्याला सोन्याचा भाव आला. १९९२ मध्ये अमेरिकेत बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली तेव्हा एकीकडे रुग्ण आणि दुसरीकडे जंगल असा वाद पेटलेला होता.

सुटका केली युरोपातल्या यूने, म्हणजे या धाग्याच्या नायकाने. त्याच्या पानांमध्ये जवळपास तयार सांगाडा असलेला एक रेणू सापडतो, त्यापासून प्रयोगशाळेत दोन-चार पायऱ्यांत औषध करता येतं. फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी ही वाट पाडली. पोतिएंच्या कामातून डोसेटॅक्सेल हे भावंडही मिळालं. पानं तोडली तरी झाड जगतं, परत पालवतं. इंग्लंडमधल्या मोठ्या बागांतल्या कुंपणांची कोवळी छाटणी याच कामासाठी गोळा केली जायची. नंतर टाकीत पेशी वाढवून औषध काढायचं तंत्र आलं.

साखरभात

सहसा वाचनमात्र असते. आज लिहिते.

आईला दर आठवड्याला हे औषध होतं, बारा आठवडे. आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, मग ही पिशवी, हिला नळीही वेगळी लागायची. बाटलीवर पॅक्लिटॅक्सेल वाचून मी फोनवर शोधलं तर झाडाच्या सालीचा फोटो आला. आईला दाखवला. ती म्हणाली, "कडू असेल ना गं?"

केस गेले ते अपेक्षितच होतं. पण बोटांना मुंग्या येतात हे आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. ब्लाउजची हुकं लावता येईनात तिला, चिडायची. ते अजूनही पूर्ण गेलेलं नाही. बाकी ठणठणीत आहे, सध्या कुरडया घालतेय आणि माझ्यावर ओरडतेय. रसायनी, मुंग्यांचं कारणही तोच सांगाडा का?

रसायनी

हो. नसांच्या लांब तंतूंमधून मालाची ने-आण त्याच नलिकांवरून होते. त्या ताठरल्या की सगळ्यांत लांबचे तंतू आधी कुरकुरतात, म्हणून हातापायांची बोटं. आईंना नमस्कार सांगा.

डोंगरकडा

भारतातही यू आहे हे कोणी लिहिलं नाही. गढवालात त्याला थुनेर म्हणतात, हिमाचलात रखाल. केदारनाथच्या परिसरात बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या रानातून वर चढताना मधेच एकदम काळोखी दाट सावली लागते, खाली दुसरं काही उगवलेलं नसतं, तेच थुनेर. आमच्या वाटाड्याने त्याच्या सालीचा लालसर चहा घरी कसा करत ते सांगितलं. हिमालयात बऱ्याच ठिकाणी ही पद्धत होती.

आता झाडं शोधावी लागतात. नव्वदच्या दशकात औषधासाठी पानं आणि साल इतकी ओरबाडली की १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, आणि आज ते संकटग्रस्त प्रजातींमध्ये मोडतं. युरोपात पानं खुडून झाड राखलं, आपल्याकडे खोडं सोलून मोकळे झाले.

हिरवी_ओटी

वर सगळं विषारी म्हणालात आणि इथे चहा?

औषधीबाग

कृपया कोणी करून बघू नका. परंपरेने करणाऱ्यांचं प्रमाण, साल कोणती, किती उकळायची, हे इंटरनेटवर वाचून जमत नाही.

याच्याशी जोडलेली एक बाब. तालीसादि चूर्णातलं तालीसपत्र म्हणजे ग्रंथाप्रमाणे हिमालयातल्या फर जातीच्या झाडाची पानं. पण बाजारात त्या नावाखाली थुनेरची पानंही विकली जातात. दिसायला दोन्ही चपट्या सुयाच, वाळल्यावर फरक ओळखायला सराव लागतो. खोकल्याचं चूर्ण रस्त्याकडेच्या टोपलीतून घेऊ नये, ते याचसाठी.

पानगळ

माझा पहिला प्रश्न वाहून चाललाय, पण वाणींबद्दल वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं.

गेल्या रविवारी टॉटरिजला जाऊन आले. लंडनच्या उत्तरेला, नॉर्दर्न लाइनवर टॉटरिज अँड व्हेटस्टोन स्थानक, तिथून चढ चढून सेंट अँड्र्यू चर्च. हा लंडनमधला सर्वांत जुना वृक्ष मानतात. पाऊस पडून गेला होता त्यामुळे साल अगदी मद्याच्या रंगाची दिसत होती. खोडाला उभी फट आहे, तीत डोकं घातलं तर आतलं लाकूड राखाडी आणि खरबरीत, आणि फटीच्या दोन्ही काठांवर मात्र नवं लाकूड गोल वळून आत शिरलेलं, ओठ मुडपल्यासारखं. सरपण काका जिवंत कवच म्हणतात ते डोळ्यांनी बघितलं. झाडाखाली एके काळी न्यायनिवाडे होत म्हणे. आता एक बाई कुत्र्याला रागावत होत्या. परंपरा चालू आहे.

सरपण

टॉटरिजचा विषय काढलात ते उत्तम झालं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. सर जॉन कलम यांनी १६७७ मध्ये त्या झाडाचा घेर मोजला होता, २६ फूट. आजही मोजला तर त्याच्याच आसपास भरतो. साडेतीनशे वर्षांत फरक नगण्य!

आता दुसरं झाड घ्या. हॅम्पशरमधल्या सेलबोर्नचा यू निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात मोजला, २३ फूट. १९८० च्या सुमाराला तो २६ फुटांच्या जवळ पोचला होता. म्हणजे दोनशे वर्षांत जेमतेम तीन फूट. हा वेग उलटा मागे नेला तर वय भलतंच येईल, टॉटरिजचा वेग लावला तर अनंत येईल. तरुणपणी झाड भराभर वाढतं, मग मंदावतं, मग कधी थांबतं, पोकळ झाल्यावर पुन्हा जोर धरतं. अभ्यासक काय करतात, तर अशा जुन्या नोंदी जमवतात, लागवडीचं साल माहीत असलेल्या झाडांशी घेर ताडून बघतात, शाबूत कवचातली वलयं मोजतात, आणि मग एक पल्ला सांगतात. यूचा अभ्यास करणारी मंडळी साधारण ८०० वर्षांपुढच्या झाडाला "प्राचीन" म्हणतात. हजार-दीड हजारापर्यंतचे अंदाज मला पटतात. त्यापुढे जो तो आपापल्या गावाच्या अभिमानाप्रमाणे.

अधिकउणे

अनुमोदन. लँगर्निवचा ४,००० ते ५,००० हा आकडा तर १९८८ च्या एका प्रमाणपत्रावर आहे. यू वाचवण्याच्या मोहिमेतर्फे दिलेलं, निसर्गप्रसारक डेव्हिड बेलामी यांच्या सहीचं. मोहिमेचा हेतू उत्तम होता, सही खरी होती, वय मात्र प्रमाणपत्राने वाढत नाही. त्याच झाडाच्या दुभंगलेल्या खोडाच्या मधोमध चर्चवाल्यांनी तेलाची टाकी ठेवली होती, ती नव्वदच्या दशकात हलवली. पाच हजार वर्षांचं झाड आणि पोटात हीटरचं तेल.

झब्बू

पण फुगवलेल्या आकड्याने झाड वाचत असेल तर फुगवू द्या की. इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींना सरकारी यादीत घेऊन दर्जा आणि संरक्षण देतात, झाडांसाठी तशी यादी नाही, बहुतेकदा स्थानिक परिषदेला वेगळा आदेश काढावा लागतो. "आठशे ते बाराशे वर्षं, नक्की सांगता येत नाही" अशा पाटीसमोर कोण गाडी थांबवेल?

अधिकउणे

मी थांबवेन. आणि फोर्टिंगलला डहाळ्या तोडणारे आले ते मोठ्या आकड्यामुळेच, हे विसरू नका.

उत्तरवाट

दोघेही बरोबर आहात, हा वाद स्कॉटलंडच्या पबमध्ये दर वर्षी होतो आणि बिल तिसराच भरतो.

सेलबोर्नचं पुढचं सांगायचं राहिलं. २५ जानेवारी १९९० च्या वादळात ते झाड उन्मळलं. मुळांखाली तीसेक माणसांच्या अस्थी सापडल्या, झाड आणि थडगी एकमेकांत वाढलेली. यंत्राने परत उभं करून बघितलं, पण जगलं नाही. त्याच्याच फांदीपासून केलेलं रोप आता तिथे आहे.

मधली_आळी

ग्लॉस्टरशरमध्ये पेन्सविकला चर्चच्या आवारात कातरलेले ९९ यू आहेत, शंभरावा लावला की सैतान मारतो अशी गोष्ट आहे. आम्ही कुटुंबाने मोजायचा प्रयत्न केला, चौघांचे चार आकडे आले आणि घरी येईपर्यंत भांडण.

तिरकस

सैतानाचं काम झालं.

पानगळ

सगळ्यांचे आभार. उन्हाळ्यात किलार्नीला जायचा बेत आहे, तिथे मक्रॉस ॲबीच्या चौकात मधोमध एक यू आहे असं वाचलं. कोणी गेलंय?

उत्तरवाट

गेलोय. पंधराव्या शतकातला फ्रान्सिस्कन मठ, छप्पर उडालेलं, आणि दगडी ओवऱ्यांच्या मधल्या चौकात हे झाड वर जाऊन पसरलंय, जमिनीवर ऊन पोचत नाही. सकाळी लवकर जा, नंतर घोडागाड्यांतून गर्दी येते. वेळ असेल तर फर्मानामधलं फ्लोरेन्स कोर्टही करा. स्मशानांत सरळसोट उभे वाढणारे जे आयरिश यू दिसतात ते सगळे तिथल्या एकाच मादी झाडाच्या फांद्यांपासून केलेले. मूळ झाड अजून उभं आहे.

भारतीय पासपोर्ट असेल तर किलार्नीसाठी आयर्लंडचा व्हिसा वेगळा बघावा लागेल. फ्लोरेन्स कोर्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेतच, तिथे तो प्रश्न नाही. अर्ज लवकर करा, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत.